आठवडाभर आधीची सुरमई

आमच्या बिल्डिंगमधले बिराजदार अण्णा मासा सेंटिमीटरमध्ये मोजत नाहीत. मुलांमध्ये मोजतात.

शनिवारी दुपारी त्यांची गाडी पार्किंगमध्ये शिरली की सगळी पोरं जिन्यावरून धडाधड खाली येतात. अण्णा डिकी उघडतात, बर्फाच्या पेटीतून सुरमई बाहेर काढतात आणि पोरांना पिलरपाशी ओळीनं उभं करतात. मग सुरमईची शेपूट जमिनीला टेकवून ती एकेकाच्या शेजारी उभी धरायची. "ही रियाच्या कोपराला लागली." "ही बघा, समीरच्या बरगडीपर्यंत आली." माप ठरलं की त्या माशाचं नावही तेच पडतं. पुढे वर्षभर अण्णा सांगत राहतात, "डिसेंबरात एक समीरची बरगडी घावली होती, तिनं मला लई नाचवलं." एक नवे भाडेकरू हे वाक्य लिफ्टमध्ये ऐकून आपला मजला यायच्या आधीच उतरले होते.

या पद्धतीत एक अडचण आहे. मुलं वाढतात. अण्णांना हे मान्य नाही.

"प्रधानसाहेब, पूर्वी सुरमई समीरच्या खांद्याला लागायची. आता बरगडीला लागते. मासा बारका व्हायलाय. हे लाँचवाले समुद्र धुऊन न्यायलेत!"

"अण्णा, समीर आता आठवीत आहे. तेव्हा तो चौथीत होता."

"ते तुम्ही सोडा. मासा बरगडीला लागला का नाही? लागला. विषय खलास."

'विषय खलास' हा त्यांचा शेवटचा शब्द. त्यानंतर वाद घालायचा नसतो. निम्मा शब्द मराठी, निम्मा अरबी, आणि सगळा ठेका सोलापूरचा.

होय, अण्णा सोलापूरचे. शारजातल्या रोल्ला भागात आमची ही जुनी बिल्डिंग आहे, आम्ही चौथ्या मजल्यावर, अण्णा सहाव्यावर एकटेच. रास अल खोरमध्ये एसीचे डक्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात ते एस्टिमेटर आहेत. सुनंदावहिनी मुलीच्या कॉलेजसाठी सोलापूरला परत गेल्या, मग मुलीचं लग्न झालं, मग सासूबाईंचं दुखणं सुरू झालं, आणि परत येणं राहूनच गेलं. अण्णा मात्र इथेच आहेत. माणूस उंच, आवाज त्याहून उंच, आणि स्वतःबद्दल शंका नावाची गोष्ट त्यांच्या अंगात कुठे शिल्लक नाही.

सोलापूरचा माणूस समुद्रात काय करतो, असं मी त्यांना पहिल्याच भेटीत विचारलं होतं. ते म्हणाले, "आमच्याकडं पाणी टँकरनं यायचं साहेब. टँकरात मासा येत नाही. म्हणून हिकडं यावं लागलं."

आणि याहून मोठी गंमत पुढेच आहे. अण्णा मासा खात नाहीत. पक्के लिंगायत घरातले, अंडंसुद्धा चालत नाही. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की केकचं खोकं उलटं करून घटक वाचणारा सबंध कारखान्यात हा एकच माणूस. बोटीवर त्यांच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी असते. एका हातात रॉड, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा, समोर ओमानचं आखात.

हे वेड लागलं कसं, तर कंपनीची सहल खोर फक्कानला गेली होती. जेटीवर एक मल्याळी सहकारी रॉड टाकून बसला होता. त्याला फोन आला म्हणून त्यानं रॉड अण्णांच्या हातात दिला आणि म्हणाला, जरा धरा. त्याचा फोन लांबला. तेवढ्यात मासा लागला. अण्णा सांगतात, "दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणतरी जिवंत हाय, आन् ते मला वढायलंय! साहेब, मला तोवर आयुष्यात कुणी एवढ्या जोरात वढलं नव्हतं." तो सहकारी फोन संपवून आला तेव्हा त्याला रॉड परत मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांनी त्याला नवा घेऊन दिला.

एकदा मीही त्यांच्याबरोबर गेलो. उजाडता उजाडता बोट निघाली. सुरमईसाठी एका जागी गळ टाकून बसत नाहीत, ते मला तिथे कळलं. बोट हळूहळू चालत ठेवायची आणि मागे लांबवर दोऱ्या सोडायच्या. दोरीच्या टोकाला रंगीत खोटा मासा, तो पाण्यात वळवळत येतो आणि सुरमई त्याच्यावर झडप घालते. याला ट्रोलिंग म्हणतात. तासन्‌तास बोट नुसती गोल गोल फिरत होती. तिसऱ्या फेरीला माझं पोट बोटीपेक्षा जोरात फिरायला लागलं. मी कठड्याला धरून विचारलं, "अण्णा, आज मिळेल का?"

अण्णांनी भाकरी खाली ठेवली. "बोटीवर 'मिळेल का' म्हणायचं नाही. 'येणार' म्हणायचं."

"बरं. येणार."

"कोण येणार?"

"सुरमई येणार."

"आता कसं!" म्हणून त्यांनी भाकरी उचलली. आणि खरोखरच आली. चांगली रियाची कंबर होती. ती वर ओढून घेताना अण्णा तिला "ये माय, ये, घाबरू नको" म्हणत होते. बोटीत घेतल्यावर त्यांनी तिला हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही वकून घ्या निवांत. समुद्राला राग येत नाही."

आता मासा खायचा नाही, आणि हौशी लायसन्सवर पकडलेला मासा विकायलाही परवानगी नाही. मग त्याचं करायचं काय? वाटायचा.

ही वाटणी आमच्या बिल्डिंगमधला दर शनिवारचा सोहळा होता. माझी बायको मेधा मालवणची. सुरमई कापायचा मान तिचा. पार्किंगमधलं मोजमाप झालं की अण्णा मासा आमच्या ओट्यावर आणून ठेवत आणि लगेच पाठ फिरवून फ्रिजकडे तोंड करून उभे राहत. कापलेलं त्यांना बघवत नाही. पण सूचना चालूच.

"वहिनी, आवाजावरून सांगतो, एकदम ताजी हाय."

"अण्णा, मी अजून सुरी लावली नाही."

"म्हणजे तुमच्या पिशवीचा आवाज आला. तरी ताजीच हाय."

मग डोकं तिसऱ्या मजल्यावरच्या परकारभाभींना. त्या मूळच्या रत्नागिरीच्या, सुरमईच्या डोक्याचं त्यांच्याइतकं झणझणीत सार दुसरं कुणी करत नाही. शेपटीकडचा भाग शेजारच्या थॉमसकडे. मधल्या तुकड्या आमच्या आणि आणखी दोन घरांत. प्रत्येक डबा अण्णा स्वतः नेऊन देत. पाच घरांची फेरी, लिफ्टनं फार तर दहा मिनिटांचं काम. अण्णांना तीन तास लागत. परकारांकडे चहा, थॉमसकडे केळ्याचे वेफर्स, कुणाच्या मुलाची परीक्षा, कुणाचा व्हिसा, कुणाच्या एसीतून पाणी का गळतं यावर फुकट सल्ला. एसीच्या पाण्यावर तर ते बैठक मारूनच बोलत. मासा कसा लागला ही कथा प्रत्येक घरात नव्यानं, आणि वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत सुरमईनं बोट जवळजवळ उलटवलेली असे.

आमची रिया म्हणायची, "अंकल, यू टोल्ड इट डिफरंटली डाऊनस्टेअर्स."

"तिथं येळ कमी होता बेटा," अण्णा म्हणत.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. भांडण होतं ते फक्त हंगामाच्या पहिल्या दिवसाशी.

सुरमईच्या विणीच्या काळात दोन महिने तिची मासेमारी बंद असते. बंदी सगळ्यांना सारखी, लाँचवाल्यांनाही आणि हौशांनाही. या दोन महिन्यांत अण्णा इतर मासे पकडत, पण त्यांत त्यांचा जीव नसे. "ह्ये सगळे हंगामी कामगार," म्हणत. आणि बंदी उठली की त्याच मध्यरात्री लाँचा बाहेर पडतात. दोन्ही बाजूंना लांब बांबू काढलेले, प्रत्येक बांबूवरून सुटलेल्या दोऱ्या. आमच्या अण्णांच्या बोटीमागे दोन गळ, तर लाँचीमागे दहा-बारा. सकाळ होईपर्यंत शारजाच्या मच्छी मार्केटमध्ये सुरमईचे ढीग लागतात.

या पहिल्या दिवसाचं नाव काढलं की अण्णा लाल होत. त्यांची मागणी साधी होती. हौशी लोकांना लाँचवाल्यांच्या एक आठवडा आधी सोडा.

"एकच आठवडा! आमची एक बोट, दोन गळ. आम्ही चिमणीसारखं टिपणार. आमच्या आठवड्यानं समुद्राला कळणारसुदिक नाही."

"पण अण्णा, त्याच दिवशी गेलं तर काय बिघडतं? तुम्हाला एकच मासा हवा असतो ना?"

"तत्त्वाचा प्रश्न हाय साहेब."

हे तत्त्व घेऊन ते दोन वर्षं सगळ्यांच्या मागे लागले. खोर फक्कानच्या जेटीवर भेटणारे फिलिपिनो, लेबनीज, मल्याळी असे सगळे हौशी त्यांनी एकत्र केले. शेवटी बंदरावरच्या लोकांनी लाँचवाले आणि हौशी या दोघांना बोलणी करायला एका हॉलमध्ये बोलावलं. हौशांच्या वतीनं बोलणार अण्णा. सोबतीला मी, कारण एवढ्या मोठ्या कामाला जाताना स्वतः गाडी चालवायची नसते, असं अण्णांचं म्हणणं.

अण्णांनी टाय लावला होता. त्या हॉलमध्ये टाय लावलेला तो एकच माणूस. खजूर आणि काहवा, म्हणजे अरबी कॉफी, फिरला. समोरचे पांढरे पायघोळ कंदुरा घातलेले अधिकारी अगदी शांत आणि अदबीचे. अण्णा उभे राहिले.

"सर, रॉड इज वन मॅन, वन फिश. लाँच इज वन मॅन, होल समुद्र. गिव्ह अस सेव्हन डेज फर्स्ट. देन यल्ला, लेट देम कम."

हौशांनी टाळ्या वाजवल्या. मग समोरच्या रांगेतून एक सावळा, पांढऱ्या दाढीचा माणूस उठला. त्याच्या तीन लाँचा होत्या, इथल्या एका अरब भागीदाराबरोबर. त्याने हिंदीत सुरू केलं.

"साब, मेरा बोट दो महिना बांधके रखा है. मेरा खलाशी लोग दो महिना जेटी पे बैठा है, उनको मैंने खिलाया. और पहिला मच्छी ये शौकीन लोग निकालेगा?"

"शौकीन को भी मच्छी का हक है!" अण्णा गरजले.

"हक है, लेकिन पहिला कायको?"

"कायको म्हणजे? आम्ही काय समुद्र खाणार हाय काय!" रागाच्या भरात अण्णा मराठीत घसरले.

तो माणूस थबकला. "तुम्ही मराठी?"

"सोलापूर."

"मी हर्णैचा. हुसेन मुकादम." आणि थोडा विचार करून तो म्हणाला, "मग हिंदीत कशाला भांडतोय आपण?"

त्यानंतर जे झालं ते अधिकाऱ्यांना कळण्याचं कारणच नव्हतं. दोन माणसं मधल्या जागेत येऊन कोकणात आणि सोलापुरात भांडत होती. अण्णांनी समीरची बरगडी काढली. हुसेनभाईंनी विचारलं, कोण समीर? मी त्यांना समजावायला गेलो तर दोघांनी मिळून मला खाली बसवलं. अधिकारी काहव्याचे घोट घेत बघत होते.

मग हुसेनभाई आवाज खाली आणून म्हणाले, "अण्णा, एक सांगा. तुम्ही मासे खाता?"

"नाही."

"विकता?"

"छे! लायसन्स जाईल."

"खात नाही, विकत नाही. मग आठवडाभर आधी सुरमई तुम्हाला पाहिजे कशाला?"

मी अण्णांकडे बघितलं. 'विषय खलास' येणार म्हणून वाट बघत होतो. ते आलं नाही. अण्णांनी टायची गाठ सैल केली.

"द्यायला," ते म्हणाले.

"काय?"

"द्यायला लागते. बिल्डिंगमध्ये." आणि ते खाली बसले.

मागच्या बाकावरचे दोघं हसले. हुसेनभाई हसले नाहीत. तेही आपल्या जागी जाऊन बसले.

अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंचे आभार मानले आणि सांगितलं की नियम सगळ्यांना एकच राहील, बंदी एकाच दिवशी उठेल. परतीच्या रस्त्यावर डोंगरातले बोगदे एकामागून एक गेले. मसाफीच्या पुढे आल्यावर अण्णांनी टाय काढून मागच्या सीटवर फेकला.

"हरकत नाही. त्याच दिवशी काढू. अशी काढू की लाँचवाले वल्ही सोडून बघत बसतील."

"लाँचीला वल्ही नसतात अण्णा."

"मग इंजिन सोडून बसतील."

बंदी उठली त्या शनिवारी मी पुन्हा त्यांच्याबरोबर होतो, या वेळी उलटीची गोळी घेऊन. बंदराबाहेर पडलो तर समोर लाँचाच लाँचा. ज्या खडकाळ पट्ट्यावर सुरमई फिरते तिथे बांबू पसरून त्या रांगेनं चालल्या होत्या. त्यांच्या दोऱ्यांत आमची दोरी अडकली तर सगळंच कापून द्यावं लागणार. आमच्यासारख्या चार-पाच हौशी बोटी लग्नाच्या पंगतीत जागा शोधणाऱ्या पाहुण्यांसारख्या कडेकडेनं फिरत होत्या. दोन बोटी तर कंटाळून परतही गेल्या.

"अण्णा, आज नाही जमणार," मी म्हणालो.

"येणार," अण्णा म्हणाले.

एवढ्यात एका लाँचीवरून हाक आली. "ओ सोलापूर!"

हुसेनभाई स्वतः सुकाणूवर होते. त्यांनी हातानं खूण केली. "माझ्या डाव्या हाताला या! मी बाहेर काढतो, तुम्ही आतून घ्या! दोर सांभाळा!"

आणि त्यांनी खरंच लाँच वळवली. त्यांच्यात आणि पुढच्या लाँचीत जागा झाली, आणि आमची बोट तिथून आत गेली. अण्णांनी त्यांना सलाम ठोकला. पहिल्याच फेरीला रीळ किंचाळलं.

तो मासा अर्धा तास ओढत होता. अण्णांचे पाय कठड्याला लावलेले, तोंडानं "ये माय, ये माय" अखंड चालू. बोटवाल्यानं शेवटी आकड्यानं तिला वर घेतलं तेव्हा मी नकळत टाळ्या वाजवल्या. एवढी मोठी सुरमई मी मार्केटमध्येही बघितली नव्हती. अण्णा तिच्याजवळ गुडघ्यांवर बसून राहिले. "आयुष्यातली सगळ्यात मोठी," ते म्हणाले. "विषय खलास." पण आवाज अगदी बारीक होता.

दुपारी पार्किंगमध्ये पोरांनी जल्लोष केला. सुरमई रियाच्या कानाला लागली. "ओ माय गॉड, शी'ज ॲज बिग ॲज मी!" रिया ओरडली. समीरनं फोटो काढले. आम्ही दोघं पेटीच्या दोन कड्या धरून वर निघालो. कापण्याआधी अण्णांना ती सगळ्यांना अख्खी दाखवायची होती.

लिफ्टचं दार तिसऱ्या मजल्यावर उघडलं आणि तळणाचा वास आला. सुरमई. पॅसेजमधल्या एकाही घराला सोडलेलं नव्हतं.

परकारभाभींनी दार उघडलं. हाताला मसाला. "अरे अण्णा! आज तर आमच्या ह्यांनी सकाळीच आणल्या, तीन. फ्रीजरचं दार लागत नाही बघा. पुढच्या वेळी नक्की हां." आतून पाहुण्यांचा आवाज येत होता, त्या लगबगीनं परत गेल्या. थॉमस कानाला फोन लावून दारात आला, पेटीकडे बघून अंगठा वर केला, आणि "अण्णा, नेक्स्ट वीक, ओके?" म्हणाला. पुढच्या दोन घरांतही तेच. सगळे गोड बोलले. कुणाचीच काही चूक नव्हती, दोन महिन्यांनी सुरमई आली होती आणि मार्केटात पडल्या भावानं होती.

शेवटी आमचं दार. मेधा कढईसमोर होती. आमची मोठी पेटी बघून तिनं कपाळाला हात लावला. "अण्णा! अहो, मीसुद्धा सकाळी दोन घेऊन आले. मला वाटलं, पहिल्या दिवशी गर्दीत तुम्हाला मिळते की नाही."

"असू दे की वहिनी. चांगली मिळाली ना? झालं तर मग." अण्णांनी पेटीची दुसरी कडी माझ्या हातातून घेतली. "मी बघतो हिचं काय ते. तुम्ही जेवा."

दर शनिवारी तीन तास चालणारी फेरी त्या दिवशी लिफ्ट खाली जाऊन परत येईपर्यंत आटोपली. लिफ्ट आली तर अण्णा त्यात चढले नाहीत. ती जड पेटी घेऊन जिन्यानंच वर गेले.

मी मेधाला हॉलमधलं सगळं सांगितलं. हुसेनभाईंचा प्रश्न सांगितला, आणि अण्णांचं उत्तर. ती तुकडी परतत होती, परतायची थांबली.

"द्यायला, असं म्हणाले?"

"हो. तेवढंच."

तिनं गॅस बंद केला, हात धुतले. "चल. रिया, चप्पल घाल."

"थांब, त्यांच्यासाठी काहीतरी घेऊ. वरण-भात तरी..."

"काही घ्यायचं नाही. हातात डबा असला की ते दारातच घेतील, थँक्यू म्हणतील आणि आपण परत येऊ. रिकाम्या हातानंच जायचं, म्हणजे आत बसावं लागतं."

तिसऱ्या मजल्यावर उलटं खाली जाऊन तिनं परकारभाभींची बेल वाजवली आणि सांगितलं, पाहुणे गेले की वर अण्णांकडे या. त्या म्हणाल्या, "अण्णांकडे? वर? का, काय झालं?" मेधा म्हणाली, "काही नाही. बसायला."

सहाव्या मजल्यावर अण्णांनी दार उघडलं. लुंगी, बनियन, हातात भाकरी. आम्हां तिघांना बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं? लिफ्ट अडकली का?"

"नाही अण्णा. बसायला आलोय."

ते दारातच उभे राहिले. त्यांना ते वाक्य लागेना. मग एकदम बाजूला झाले, भाकरी खिशात घालायला गेले, लुंगीला खिसा नव्हता, म्हणून टीव्हीवर ठेवली. मी प्रथमच त्यांच्या घरात पाऊल टाकत होतो. हॉलमध्ये एक प्लास्टिकची खुर्ची होती. कोपऱ्यात छत्र्यांसारखे उभे केलेले रॉड. मध्यभागी बर्फाची पेटी, झाकण उघडं. अण्णा बहुधा तिच्यासमोरच जेवत बसले असावेत.

"खुर्ची एकच हाय," ते म्हणाले. "म्हणजे, मला एकच लागते."

मेधा सरळ फरशीवर बसली. रियानं पेटीत डोकावून पुन्हा एकदा सुरमईचं निरीक्षण सुरू केलं. "अण्णा, हिचं लोणचं घालते," मेधा म्हणाली. "उद्या कापू. महिनाभर टिकेल, सगळ्यांना पुरेल. आज राहू दे तिला. आधी सांगा, लागली कशी?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी तिथेच होतो, मला सगळं माहीत होतं. तरी मीही म्हणालो, "हो, सांगा की."

ते फरशीवर मांडी घालून बसले आणि सुरू झाले. हुसेनभाईंची लाँच त्यांनी आता चांगली दोन मजली केली. रीळ किंचाळलं त्या ठिकाणी दाराची बेल वाजली. परकारभाभी आणि त्यांचे मिस्टर, मागे त्यांचा समीर. अण्णा पुन्हा दचकले, पुन्हा बाजूला झाले. खुर्चीवर बसायला कुणीच तयार होईना. सगळी फरशीवर कोंडाळं करून बसली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सोलापूरहून. रोज याच वेळेला वहिनींचा फोन येतो, हे मला तेव्हा कळलं. अण्णांनी तो उचलला आणि स्पीकरवर टाकला. बहुधा चुकून.

"जेवला का?" वहिनींनी विचारलं.

"नाही अजून. नंतर करतो फोन. घरी पाव्हणे आल्यात."

वहिनींचा आवाज एकदम चढला.

"तुमच्याकडं? कोण?"

अण्णांनी मान फिरवून आम्हां सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं. "प्रधानसाहेब, मेधावहिनी, रिया. परकारभाभी, परकारसाहेब. समीर. ... आन् थॉमस येतोय म्हणाला जिन्यात."

थॉमस काही म्हणाला नव्हता. पण कुणी तसं बोललं नाही.

"एवढे लोक घरात आल्यात," वहिनी म्हणाल्या, "आन् फोन कशाला घेऊन बसलाय? ठेवा. आधी च्या टाका."